कपाळावरची खूण आणि खिशातले कार्ड

'मुलगी सिकलसेलची वाहक निघाली. रिपोर्टवर एएस लिहून आले आहे. सांगितले की सोयरीक मोडते, लपवले की मनाला खात राहते. काय करावे?' नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या घरांतून या पानाकडे अशी विचारणा वारंवार होते. कधी आई विचारते, कधी मोठा भाऊ. मुलगी स्वतः क्वचितच विचारते, आणि मुलाकडच्यांनी विचारल्याचे तर आम्हाला आठवतच नाही.

उत्तर देऊच. पण त्याआधी एका शास्त्रज्ञाची गोष्ट सांगायची आहे. आपल्या रिपोर्टवर जी अक्षरे येतात त्यांचा रस्ता या माणसाच्या प्रयोगशाळेतून गेलेला आहे. आणि त्या अक्षरांच्या माणसांशी समाजाने कसे वागावे, याचा एक फार वाईट सल्लाही याच माणसाने दिला होता.

त्यांचे नाव लायनस पॉलिंग. जन्म १९०१, अमेरिकेतले पोर्टलँड शहर. वडील औषधविक्रेते होते, ते पॉलिंग नऊ वर्षांचे असताना वारले. आईने खोल्या भाड्याने देऊन घर चालवले. मुलाला कीटक गोळा करायचा नाद होता, मग दगड-खनिजांचा लागला. एका मित्राने घरात रसायनांचा प्रयोग करून दाखवला आणि मग तिसरा नाद लागला, तो आयुष्यभर टिकला. आजोबा लोखंडाच्या कारखान्यावर रात्रीचे पहारेकरी होते. जवळच्या बंद पडलेल्या भट्टीतून हा मुलगा रसायने आणि सामान उचलून आणी आणि घराच्या तळघरात प्रयोग करी. शाळेचा दाखला इतिहासाच्या विषयावरून अडला. तो शाळेने त्यांना १९६२ मध्ये दिला, तोवर त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळून आठ वर्षे झाली होती. आपल्या वस्तीतल्या ज्या मुलांचे शिक्षण एका विषयापायी अडकून पडले आहे, त्यांना हे जरूर सांगावे.

पॉलिंग यांना मोठ्या सिद्धान्तांइतकाच हाताने उपकरणे बनवण्याचा आणि बनवून घेण्याचा शौक होता. १९४८ मध्ये इंग्लंडला असताना सर्दीने अंथरुणाला खिळले, तेव्हा कागदाच्या पट्टीवर आकृती काढून ती दुमडत बसले. शरीरातली प्रथिने पीळ घालून कशी उभी राहतात, याचा उलगडा त्यांना त्या दुमडलेल्या पट्टीतून झाला.

त्याआधी १९४० मध्ये युद्ध चालू होते. पाणबुडीत माणसे कोंडून असतात, विमानात हवा विरळ होते. आतला ऑक्सिजन किती उरला हे चटकन दाखवणारे यंत्र सैन्याला हवे होते. पॉलिंग यांना एक गोष्ट माहीत होती. हवेतल्या इतर वायूंच्या मानाने ऑक्सिजन चुंबकाकडे जास्त ओढला जातो. त्यांनी केसासारख्या बारीक तंतूवर काचेचे छोटेसे डंबेल टांगले, त्याला इवलासा आरसा चिकटवला आणि ते चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ठेवले. हवेत ऑक्सिजन कमी-जास्त झाला की डंबेल किंचित वळे, आरशावरून उडालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरके. त्या ठिपक्यावरून ऑक्सिजन किती ते वाचायचे. पुढे हेच यंत्र अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काचेच्या पेटीसाठी वापरले गेले. त्या काळात जास्त ऑक्सिजन दिल्याने अनेक बाळांची दृष्टी जात होती, म्हणून मोजून देणे गरजेचे होते.

कोविडच्या काळात आपल्यापैकी कितीतरी घरांनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर विकत घेतले. ते मात्र पॉलिंग यांचे नाही. त्याची कल्पना १९७० च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी मांडली. ते चुंबकावर नाही, प्रकाशावर चालते. ऑक्सिजन घेतलेले रक्त आणि ऑक्सिजन सोडलेले रक्त लाल प्रकाश वेगवेगळा शोषते, इतकेच ते बघते. यात एक खोट आहे आणि ती आपल्याला माहीत असायला हवी. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले की काळ्या रुग्णांमध्ये शरीरात ऑक्सिजन खरोखर कमी असतानाही हे यंत्र ठीक आकडा दाखवते, असे गोऱ्या रुग्णांच्या मानाने जवळजवळ तिप्पट वेळा घडते. आपणही बहुतेक जण सावळेच. म्हणून धाप लागलेली असेल, छातीत दुखत असेल, तर यंत्राचा आकडा चांगला आहे म्हणून घरी बसू नये.

आता रक्ताकडे येऊ. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. तेच फुप्फुसातून ऑक्सिजन उचलते आणि अंगभर पोचवते. पॉलिंग यांनी १९३६ मध्येच दाखवले होते की ऑक्सिजन असलेले आणि नसलेले रक्त चुंबकाजवळ वेगवेगळे वागते. १९४५ मध्ये एका समितीच्या बैठकीच्या निमित्ताने विल्यम कॅसल नावाच्या डॉक्टरांनी त्यांना एका आजाराविषयी सांगितले. हा आजार १९१० मध्ये शिकागोत जेम्स हेरिक यांनी पहिल्यांदा लिहून ठेवला होता. दंतवैद्यकी शिकणाऱ्या ग्रेनाडा बेटावरच्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारख्या वाकड्या लाल पेशी दिसल्या होत्या. कॅसल म्हणाले, या पेशी ऑक्सिजन सोडून आलेल्या रक्तात जास्त वाकतात. पॉलिंग यांच्या मनात तिथेच आले की दोष पेशीच्या सालीत नाही, आतल्या हिमोग्लोबिनमध्येच असला पाहिजे.

हे सिद्ध करण्याचे काम त्यांनी हार्वे इटानो या तरुण डॉक्टरकडे दिले. इटानो यांच्याविषयी दोन ओळी लिहिल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. ते अमेरिकेतच जन्मले, पण आईवडील जपानी. १९४२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात ते पहिले आले. पदक द्यायच्या दिवशी मात्र ते समारंभाला नव्हते. जपानशी युद्ध सुरू झाल्यावर जपानी वंशाच्या लाखाहून अधिक माणसांना सरकारने घरातून उचलून छावण्यांत नेले, त्यांत इटानोही होते. गुन्हा काय, तर जन्म. पुढे त्यांना छावणीतून डॉक्टरकी शिकायला जाऊ दिले आणि तिथून ते पॉलिंग यांच्याकडे आले.

इटानो, सिंगर आणि वेल्स या तिघांनी प्रयोगशाळेतल्या एका मोठ्या यंत्रात हिमोग्लोबिनचे द्रावण घालून त्यातून वीज सोडली. ज्या रेणूवर विजेचा भार वेगळा, त्याची सरक वेगळी. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन एका प्रकारे सरकले, रुग्णाचे दुसऱ्या प्रकारे. आणि वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार सापडले. १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात त्यांचा निबंध आला. रेणूतल्या बिघाडाने होणारा आजार, अशी ओळख एखाद्या रोगाला पहिल्यांदाच मिळाली. सात-आठ वर्षांनी केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी बिघाड नेमका कुठे ते शोधले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी असतात, त्यातला सहावा मणी बदललेला. बाकी सगळे जसेच्या तसे.

या विजेच्या परीक्षेलाच इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. आज ती लहान टेबलावर मावते आणि आपल्या जिल्हा रुग्णालयात होते. 'ए' म्हणजे साधे हिमोग्लोबिन, 'एस' म्हणजे सिकलचे. प्रत्येकाला हिमोग्लोबिनचा एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. दोन्ही साधे तर एए. एक साधा, एक सिकलचा तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही सिकलचे तर एसएस, म्हणजे ग्रस्त. वाहकाच्या रक्तात साधे हिमोग्लोबिन निम्म्याहून जास्त असते, म्हणून तो तुमच्या-आमच्यासारखा शेतात राबतो, बांधकामावर जातो, पोलीस भरतीला धावतो. फार उंचावर किंवा पाणी न पिता अति श्रम केले तर क्वचित त्रास होतो, एवढेच. वाहकाचा पुढे रुग्ण होत नाही. ही गोष्ट दहा वेळा सांगावी लागते, कारण वस्तीत वाहकालाही 'सिकलवाला' म्हणून बाजूला बसवले जाते.

मग हा जनुक आपल्याकडे एवढा का? रक्त खराब म्हणून नाही. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवले की वाहक मुले जीवघेण्या मलेरियातून जास्त वाचतात. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे एक सिकल जनुक असणे ही ढाल होती. जंगलाच्या आणि भातखाचरांच्या पूर्व विदर्भात ती ढाल ज्यांच्या अंगात होती ते जगले, आणि आपण त्यांचे वंशज. हा जनुक गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा या समाजांत आहे, आपल्यात आहे, इतर मागास समाजांतही आहे. तो जात पाहून आला नाही, डास पाहून आला.

मात्र जातीने त्याला कोंडून ठेवले, हे खरे. स्वजातीतच लग्न हाच जातीचा कणा, असे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले. लहान गोतात, त्यातही मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करत राहिलो की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. याचा अर्थ जातीबाहेर लग्न केले की तपासणी नको, असा कुणी काढू नये.

पॉलिंग यांचा वाईट सल्ला तो हाच, ज्यासाठी ही गोष्ट काढली. १९६८ मध्ये एका कायदेविषयक नियतकालिकात त्यांनी लिहिले की सिकलचा जनुक असलेल्या प्रत्येक तरुण माणसाच्या कपाळावर एक चिन्ह गोंदवावे. म्हणजे दोन वाहक एकमेकांना पाहताक्षणीच ओळखतील आणि प्रेमात पडणार नाहीत. हे लिहिणारा माणूस दुष्ट नव्हता. अणुचाचण्यांविरुद्ध लढल्याबद्दल शांततेचेही नोबेल मिळालेला होता, आणि एसएस बाळांच्या वेदना थांबाव्यात असे त्यांना मनापासून वाटत होते. पण कपाळावर खूण बाळगणे म्हणजे काय असते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. आपल्याला सांगावे लागत नाही. पेशवाईत अस्पृश्याने ओळखू यावे म्हणून हाताला किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा, पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडके अडकवायचे, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त लिहून ठेवले आहे.

कपाळे कुणी गोंदवली नाहीत. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी सिकलच्या सक्तीच्या तपासणीचे कायदे केले, आणि वाहक निघालेल्या निरोगी काळ्या माणसांना विमा नाकारला गेला, नोकऱ्या नाकारल्या गेल्या. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. वाहक आणि ग्रस्त यांतला फरक कायदा करणाऱ्यांनाच समजला नव्हता.

त्याच काळात दुसरी वाट ब्लॅक पँथरांनी काढली. १९७१ पासून त्यांनी आपल्या मोफत दवाखान्यांत, मोहल्ल्यांत, सभांमध्ये बोटातून थेंबभर रक्त घेऊन सिकलची तपासणी सुरू केली. छोट्या नळीतले द्रावण गढूळ झाले तर सिकल आहे, नितळ राहिले तर नाही. एवढेसे कीट, कुठेही नेता येईल असे. तपासणारे आपलेच, समजावून सांगणारेही आपलेच. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नाव यांच्याकडूनच घेतले. नावाबरोबर रक्ताची नळीही घ्यायला हवी होती, असे आम्हाला राहून राहून वाटते.

आज प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताई नेतात तिथे होणारी सोल्युबिलिटी टेस्ट ती हीच. तिची मर्यादा ध्यानात ठेवावी. ती सिकल आहे की नाही एवढेच सांगते. वाहक की ग्रस्त, हे तिला कळत नाही. म्हणून ती पॉझिटिव्ह आली की रडारड न करता पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्यावी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी सोल्युबिलिटी टेस्ट उपयोगाची नाही. आता कोविडच्या किटसारख्या पट्ट्याही आल्या आहेत. त्यांवर उमटणाऱ्या रेघांवरून एए, एएस, एसएस वेगळे ओळखता येतात.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तीत तपासलेल्या माणसाला त्याच्या जनुकाची स्थिती लिहिलेले कार्ड मिळते. मुलाचे आणि मुलीचे कार्ड शेजारी ठेवले की होणाऱ्या मुलांचे काय ते कळते. आपण पत्रिका पाहणे सोडले ते फार चांगले केले. हे कार्ड मात्र पाहावे. ते खिशात राहते, कपाळावर नाही. कुणाला दाखवायचे हे कार्डवाल्याने ठरवायचे.

हिशेब सोपा आहे. एक वाहक आणि एक साधा असे जोडपे असेल तर एकही मूल ग्रस्त होणार नाही, काही मुले वाहक होतील एवढेच. म्हणजे वाहक मुलीची सोयरीक मोडण्याचे कारणच उरत नाही. मुलगा एए आहे का, एवढाच प्रश्न. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. प्रत्येक गरोदरपणात म्हणजे दर वेळी नव्याने. पहिले ग्रस्त झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नसते. मुलगा थॅलेसेमियाचा वाहक असेल तरी आजारी मूल होऊ शकते, म्हणून नुसत्या सोल्युबिलिटीवर भागत नाही. दोन वाहकांचे लग्न आधीच झाले असेल तर दिवस राहिल्याबरोबर रुग्णालयात सांगावे. साधारण तिसऱ्या महिन्यात गर्भाची तपासणी करता येते.

घरात एसएस मूल असेल तर आयाबायांनी काही खुणा पाठ कराव्यात. सहा महिन्यांनंतर हातापायांची बोटे सुजणे, डोळे पिवळे होणे, सारखा ताप, हाडे-सांधे ठणकणे. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून धाप लागली, मूल एकाएकी पांढरे पडून पोटाची डावी बाजू फुगली, किंवा हात-पाय-तोंड एका बाजूला लुळे पडले, तर सकाळची वाट पाहू नये. पाणी भरपूर पाजावे, थंडीत भिजू देऊ नये. हायड्रॉक्सियुरिया हे औषध दुखण्याचे झटके कमी करते, पण ते मनाने सुरू-बंद करू नये, मधून मधून रक्त तपासावे लागते. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या आणि टॉनिके ग्रस्ताला परस्पर देऊ नयेत. त्याच्या लाल पेशी १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसांतच फुटतात, कारण लोहाच्या कमतरतेपेक्षा वेगळे आहे. सिकलग्रस्त व्यक्ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते. प्रमाणपत्र काढून ठेवावे.

जनुकच दुरुस्त करणारा उपचारही निघाला आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने त्याला मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर, आणि त्याआधी कडक केमोथेरपी सोसावी लागते. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेतले शास्त्रज्ञ स्वस्त देशी उपचारावर काम करत आहेत. २०२० मध्ये त्यांनीच जनुक कापण्याच्या या तंत्रावर कोविडची कागदी पट्टी बनवली आणि तिला सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचे, फेलुदाचे नाव दिले. पण कुणी 'सिकल मुळापासून घालवतो' म्हणून पुडी विकायला आला तर त्याला विहाराच्या पायरीवरूनच परत पाठवावे. पॉलिंगही म्हातारपणी क जीवनसत्त्वाच्या भल्यामोठ्या मात्रेने कॅन्सर हटतो असे सांगत राहिले. मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये तपासून पाहिले, त्यात काही फायदा दिसला नाही. माणूस नोबेलवाला आहे म्हणून त्याचे म्हणणे तसेच धरू नये. कालाम सुत्त आपण विहारात ऐकतोच.

तर त्या आईला आमचे उत्तर. पाहुणे बघायला आल्या आल्या पोह्यांच्या बश्यांबरोबर रिपोर्ट पुढे करायची गरज नाही. पसंती झाली आणि साक्षगंधाचे बोलणे निघाले की दोन्ही घरांनी मिळून विचारावे, 'मुलाची तपासणी झाली आहे का?' प्रश्न आपण मुलीकडच्यांनी विचारावा, खालमानेने नाही. मुलाची झाली नसेल तर एकाच दिवशी दोघांनी जावे. मुलगा एए निघाला तर तारीख धरावी. तोही एएस निघाला तर दोघांना समुपदेशकापुढे बसवावे आणि निर्णय त्या दोघांनाच घेऊ द्यावा. त्यात काकांनी पडू नये. आणि सासरकडून कुणी 'वाहक मुलगी आमच्या घरात नको' म्हणाले, तर त्यांच्या मुलाचा रिपोर्ट आधी मागावा. बहुतेकदा तो काढलेलाच नसतो.